वेल्डिंगचे चामड्याचे हँडग्लोव्ज: फुलझडीसाठी चार स्टार, सुतळी बॉम्बसाठी एकही नाही

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतले, कोपराच्या जरा खालपर्यंत येणारे लांबवाले, आतून सुती अस्तर. फटाक्यांसाठी चालतात का म्हणून गावातले बरेच जण विचारून राहिले म्हणून इथंच लिहून टाकतो.

फुलझडी, अनार, भुईचक्र यासाठी एकदम बेस्ट. जळती फुलझडी हजार डिग्रीच्या आसपास तापते, अन विझल्यावर काळी दिसणारी तार पण चांगलाच चटका देते, लहान पोट्टे नेमकी तीच उचलतात. ग्लोव्ज घालून सगळ्या तारा बादलीतल्या पाण्यात टाकल्या, हाताला काहीच लागलं नाही. अनारच्या ठिणग्यांनी चामड्यावर बारीक काळे ठिपके पडले, बस. रबर कोटिंगवाले स्वस्त भेटतात पण ते घेऊ नका भाऊ, नायलॉन-रबर वितळून कातड्याला चिकटते.

आता मेन गोष्ट. आपल्याकडे जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला गेलेले लोक रानडुकरं अन रोही (नीलगाय) हाकलायला सुतळी बॉम्ब हातात पेटवून फेकतात, अन ग्लोव्ज आहेत म्हणून आणखी बिनधास्त फेकतील याचीच मले भीती आहे. वात कधी सुरसुरत राहते, कधी पेटली की लगेच आत जाते. फेकायच्या आधी फुटला तर अंगठा अन बाजूची बोटं जातात, मूठ बंद असली तर आणखीनच वाईट. चामडं चटका अडवते, दणका नाही अडवत. वरून बोटं जाड होतात, वात नीट पकडता येत नाही, बॉम्ब हातातून सुटायला उशीर होतो. ग्रीन फटाक्यांवर नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं काम केलं, चांगलंच आहे, पण ग्रीन म्हणजे धूर कमी, हातात फुटला तर तो पण बोटं नेतेच.

बॉम्बसाठी घरची तुराटीच, म्हणजे तुरीची वाळकी काठी, बरी. लांब तुराटीच्या शेंड्याला अगरबत्ती बांधायची, बॉम्ब कडब्याच्या गंजीपासून दूर मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवायचा, तोंड बाजूला करून पेटवायचा अन मागं सरकायचं. नाही फुटला तर वात पाहायला वाकू नका, बराच वेळ जाऊ द्या, मग दुरूनच बादलीभर पाणी ओता.

एवढं करूनही भाजलंच तर अंगठी-बांगडी सूज यायच्या आधी काढा, 20 मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली हात धरा, हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीच लावू नका. बोट तुटलं तर जखम स्वच्छ कपड्यानं दाबून धरा अन 108 ला फोन लावा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून पन्नीत टाका अन ती पन्नी बर्फात ठेवा, बोट डायरेक्ट बर्फात नको.

ग्लोव्जमध्ये एकच खोट, साईज एकच येते. बायांच्या हातात ढिले पडतात, ढिल्या ग्लोव्जमधून अनारही धड पकडता येत नाही. दुकानदाराला छोटी साईज मागवायला सांगितली आहे, तुम्ही गेले तर तुम्ही पण सांगा.