स्टँड-अप जेट स्की: हिच रॅकवर न्यावी की ट्रेलरवर?

उभ्याने चालवायची जेट स्की विकत घेतली की ती पाण्यापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात पुढे येतो. पिकअप असणाऱ्यांना तो पडत नाही, ते ती मागच्या हौद्यात चढवतात आणि निघतात. ज्यांच्या दारात एसयूव्ही आहे, त्यांच्यापुढे मात्र दोनच सरळ मार्ग उरतात: गाडीच्या हिचमध्ये (मागच्या बाजूच्या, ओझे जोडायच्या जोडणीत) बसणारा रॅक किंवा छोटा ट्रेलर. मी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो, सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टात स्की चालवतो आणि माझ्याकडे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक सुपरजेट आहे. दोन उन्हाळे मी रॅक वापरला, त्यानंतरचे तीन ट्रेलर.

आधी रॅकची बाजू मांडतो, कारण त्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या वसाहतीत ट्रेलर रात्रभर बाहेर उभा करण्यास मनाई आहे. रॅक मात्र काम झाले की गॅरेजच्या भिंतीला टांगता येतो. कॅलिफोर्नियात मागे काहीही ओढत असाल तर वेगाची कमाल मर्यादा ताशी 55 मैल आहे, आणि उजव्या लेनमध्ये मालट्रकांच्या मागून रांगत जाणे सकाळी सहा वाजता फार सोसवत नाही. रॅकला ही मर्यादा लागू होत नाही. रॅकवरून उतरवलेली स्की रुंद चाकांच्या हातगाडीवर ठेवून वाळूतून थेट पाण्यात नेता येते, त्यामुळे ट्रेलर पाण्यात उतरवण्याच्या उतारावरची, म्हणजे बोटींच्या रॅम्पवरची, रांगही टळते. शिवाय रॅकचा कोणताच भाग पाण्यात बुडत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये डेल्टातल्या स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपला (ओल्या बोटी-ट्रेलरांवरून एका पाण्यातून दुसऱ्यात पसरणारी परकी प्रजाती) सापडला आणि तेव्हापासून आसपासच्या जलाशयांवर तपासणी कडक झाली आहे. ट्रेलरवर स्की टेकते त्या फळ्यांवरचे कार्पेट वाळता वाळत नाही, हे अशा वेळी चांगलेच जाणवते.

आता वजनाचा हिशेब. सुपरजेट कोरडी, म्हणजे पेट्रोलविना, 139 किलोची, टाकीत 18 लिटर पेट्रोल, आणि रॅक स्वतः 40 किलोच्या आसपास, म्हणजे एकूण 190 किलोच्या वर. दोन इंची रिसीव्हर (रॅक ज्यात सरकवून पिनने अडकवतात ती हिचची चौकोनी नळी) असलेल्या मोठ्या एसयूव्हीच्या हिचवर बहुधा 500 पौंड, म्हणजे साधारण 227 किलो उभा भार चालतो. 3,500 पौंड ओढणाऱ्या मध्यम गाड्यांवर तो 350 पौंडांच्या, म्हणजे 159 किलोच्या घरात असतो. त्या गाड्यांसाठी चर्चा इथेच संपते. ज्यांचा आकडा कागदावर जुळतो त्यांनीही हे लक्षात घ्यावे, की रॅकवरच्या ओझ्याचा मध्य हिचच्या पिनपासून बराच मागे असतो, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला रिसीव्हर जास्त पिळला जातो. नवी फोर-स्ट्रोक सुपरजेट 172 किलोची आणि कावासाकीची 1500 सीसी एसएक्स-आर जवळजवळ 250 किलोची आहे; त्या रॅकवर नेण्याचा विचारही करू नये, असे माझे नम्र मत आहे.

रुंदीचा मुद्दा मला दुसऱ्या वर्षी कळला, आणि कळल्यावर थोडी लाजही वाटली. या राज्यात प्रवासी गाडीवरचा बोजा डावीकडे मडगार्डच्या रेषेबाहेर यायला नको, उजवीकडे फार तर सहा इंच आलेला चालतो. रॅकवर आडवी बांधायची स्की 2.24 मीटर लांब आणि माझी गाडी 1.93 मीटर रुंद. कशीही सरकवली तरी हे गणित बसत नाही.

तरीही खरे सांगायचे तर मी रॅक सोडला तो वजनामुळे नाही आणि कायद्यामुळेही नाही. मी तो सोडला डिकीमुळे. रॅकवर स्की आडवी बांधली की मागचा दरवाजा उघडत नाही. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी डेल्टात पश्चिमेचा गार वारा सुटला होता, आम्ही तिघेही ओलेचिंब होतो आणि मी चार पट्टे आवळून, अंधार पडण्याआधी काम उरकल्याच्या समाधानात हात पुसत होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, टॉवेल आणि कोरडे कपडे डिकीतच राहिले.” स्की उतरवायची तर पुन्हा 139 किलो दोघांनी उचलायचे. शेवटी मुलगा मागच्या सीटवरून पालथा पडून आत सरपटला, पिशवी बर्फाच्या पेटीखाली अडकली होती, आणि ती ओढताना लोणच्याची बरणी लवंडली. सीटच्या खाचेतला तो आंबूस वास पुढचा महिनाभर गाडीत होता. वाटेत पाण्याची बाटली हवी असो की हवा भरण्याचा पंप, दर वेळी हीच कसरत. ज्यांच्याकडे टोयोटा फोररनर आहे, त्यांनी ही तक्रार निम्मीच धरावी, कारण तिची मागची काच बटणाने खाली जाते आणि तेवढ्या फटीतून हात घालता येतो.

ट्रेलरचे दोष मी लपवत नाही. रिकामा छोटा ट्रेलर आरशात दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा तो आधीच काटकोनात वळलेला असतो. तापलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढले जाते, म्हणून ग्रीस भरत राहावे लागते. मी पेट्रोल भरायला थांबलो की दोन्ही हबवर तळहात ठेवून पाहतो. पाण्यात बुडणारे मागचे दिवे हा तिसरा त्रास. पहिल्या वर्षी पांढऱ्या अर्थिंगच्या तारेला गंज चढला आणि डावा इंडिकेटर कधी लागायचा, कधी नाही. यावर मला एकच उपाय लागू पडला: ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या पांढऱ्या नळीचे उभे दांडे बसवले आणि दिवे त्यांच्या टोकांवर नेले. दिवे पाण्याच्या वर राहिले, आणि मागे घेताना ट्रेलर कुठे आहे तेही त्या दांड्यांवरून कळू लागले.

जागेची अडचण मात्र तशीच आहे. ट्रेलर घेण्याआधी गॅरेजची खोली टेपने मोजा, आणि पुढचा दांडा घडी होणारा असेल तरच घ्या. माझा ट्रेलर दांडा दुमडल्यावर वॉशिंग मशीन आणि शटर यांच्यामध्ये चार बोटांची जागा ठेवून बसतो. गाडी तेव्हापासून बाहेर उन्हात असते.