वर्षभरासाठी घेतलेली शेअर्ड होस्टिंग सेवा आणि आमच्या ग्रंथालयाचे स्थलांतर

बडोद्यात दांडिया बाजारात आमचे एक छोटे मराठी ग्रंथालय आहे. त्याचे संकेतस्थळ मी दोन वर्षे फावल्या वेळात घरच्या विंडोज संगणकावर, झॅम्पच्या (घरच्या संगणकालाच वेबसर्व्हर बनवणाऱ्या संचाच्या) आधाराने तयार करीत होतो. सूचना, वर्गणीची माहिती आणि छायाचित्रे वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या तयार प्रणालीत होती, तर पुस्तकांची सूची मी स्वतः साध्या पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) लिहिलेल्या वेगळ्या पानावर होती. यंदा गुढीपाडव्याआधी ते सर्वांसाठी खुले करायचे ठरले आणि एका कंपनीची शेअर्ड होस्टिंग योजना (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे ठेवणारी सेवा) वर्षभरासाठी घेतली. कंपनीचे नाव देत नाही, कारण सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या नियंत्रण-पटलावर चालणाऱ्या या दरातील सेवांची घडण पुष्कळशी सारखीच असते आणि पुढे लिहिलेल्या अडचणी त्यांपैकी कोठेही येऊ शकतात.

पहिली तक्रार जाहिरातीबद्दल आहे. ‘मोफत स्थलांतर’ हे शब्द तेथे ठळक होते. पैसे भरल्यावर कळले की ही सोय दुसऱ्या कंपनीच्या सीपॅनेलवरून येणाऱ्यांनाच मिळते आणि घरच्या संगणकावरून येणाऱ्याने आपले सामान आपणच वाहून आणायचे असते. तेही असो. फाइली एकेक करून एफटीपीने चढवण्याऐवजी सर्वांची एक झिप करून फाइल मॅनेजरमध्ये उलगडली, तर हजारो फाइलींचे काम काही मिनिटांत होते. येथे सर्व्हरच्या वेगाबद्दल तक्रार करण्यासारखे काही आढळले नाही. संकेतस्थळाचा मजकूर साठवणाऱ्या डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा इशारा मात्र लगेच आला. सीपॅनेल डेटाबेसच्या आणि वापरकर्त्याच्या नावाआधी आपल्या खात्याचे नाव जोडते, आणि मी वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये घरचीच नावे ठेवली होती. हा दोष सर्वस्वी माझा.

त्यानंतर संकेतस्थळ उघडले, मुखपृष्ठ जसेच्या तसे दिसले, आणि मी रात्री अकरा वाजता अध्यक्षांना काम फत्ते झाल्याचे कळवून मोकळा झालो. सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला की त्यांच्या मोबाइलवर काहीच उघडत नाही. प्रथम मी त्यांच्या नेटवर्कला दोष दिला, आणि हे येथे मान्य करणे भाग आहे. वर्डप्रेस आपला पत्ता डेटाबेसच्या ऑप्शन्स या तक्त्यात दोन ओळींत जपून ठेवते. त्या दोन्ही ओळींत अजून लोकलहोस्ट होते, त्यामुळे नवे संकेतस्थळ येणाऱ्या प्रत्येकाला लोकलहोस्टकडे, म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वतःच्या यंत्राकडे, पाठवीत होते. माझ्या यंत्रावर झॅम्प चालूच असल्याने मला माझीच जुनी प्रत दिसत होती आणि वर पत्त्याच्या पट्टीकडे मी पाहिलेच नव्हते. स्थलांतरानंतरची पहिली तपासणी झॅम्प बंद करून, आणि शक्यतो दुसऱ्याच्या मोबाइलवर करावी, हे मी या प्रकारात शिकलो.

त्या दोन ओळी बदलल्या, पण लेखांतील आणि मांडणीतील जुने पत्ते उरलेच होते. ते मी डेटाबेसच्या प्रतीची एसक्यूएल फाइल मजकूर-संपादकात उघडून ‘शोधा आणि बदला’ या एका फटक्यात बदलले आणि फाइल पुन्हा चढवली. लेख सुधारले, पण बाजूच्या पट्टीतील सर्व चौकटी आणि थीमच्या (रूपरंगाच्या साच्याच्या) निवडी नाहीशा झाल्या. वर्डप्रेस अशा निवडी ज्या रूपात साठवते त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. पत्ता बदलून लांबीचा आकडा तोच राहिला, की पीएचपी तो संपूर्ण तुकडा वाचायचे नाकारते. या योजनेत टर्मिनलची (सर्व्हरला थेट आज्ञा टाइप करून देण्याची) सोय होती आणि वर्डप्रेसचे आज्ञावली-साधन आधीच बसवलेले होते. त्याची शोध-बदल आज्ञा लांबीचा आकडाही बरोबर सुधारते. मूळ फाइल पुन्हा चढवून ती आज्ञा चालवली आणि काम काही क्षणांत झाले. स्वस्त योजनेत टर्मिनल देणे ही मी या कंपनीची सर्वांत मोठी जमेची बाजू मानतो.

आतल्या पानांचे दुवे जुन्या फोल्डरचे नाव शोधीत होते. परमालिंकची, म्हणजे पानांच्या कायम पत्त्यांची, सेटिंग पुन्हा जतन करताच तेही जुळले. काही छायाचित्रे दिसत नव्हती, कारण विंडोज फाइलच्या नावातील इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद करीत नाही, पण हा सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स करते. ती नावे एका संध्याकाळी हाताने बदलली.

खरी परीक्षा सूचीच्या पानाने घेतली. तेथे ‘५००’ क्रमांकाच्या त्रुटीशिवाय काहीच दिसत नव्हते. चॅटवरील मदतनिसांनी तीन दिवसांत तीनदा, प्रत्येक वेळी नव्या नावाने, ब्राउझरची कॅश (त्याने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसण्याचा सल्ला दिला. सर्व्हरवर घडलेल्या चुकीचा माझ्या ब्राउझरच्या कॅशशी काय संबंध, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. चौथ्या दिवशी फोन केला. पलीकडच्या मुलाने माझे गुजराती ऐकून, मी बडोद्याचा का, असे विचारले आणि म्हणाला, “काका, एरर लॉग खोलीने छेल्ली लीटी वांचो ने.” म्हणजे, सर्व्हरवरील चुकांची नोंद उघडून शेवटची ओळ वाचा ना. शेवटच्या ओळीतच निदान होते. सूचीच्या फोल्डरमधील एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये, म्हणजे त्या फोल्डरपुरत्या सूचना सर्व्हरला देणाऱ्या फाइलमध्ये, मी पीएचपीची वेळमर्यादा वाढवण्याची ओळ लिहिली होती. माझ्या घरी पीएचपी अपाची या वेबसर्व्हरचा भाग म्हणून चालते, म्हणून ती ओळ चालत होती. या सर्व्हरवर पीएचपी स्वतंत्रपणे चालते आणि अपाचीला तो शब्द परका वाटतो. ओळ काढून तेच मूल्य सीपॅनेलमधील पीएचपीच्या सेटिंगमध्ये भरले. जे फोनवर दोन मिनिटांत झाले, ते चॅटवर तीन दिवस अडले, याबद्दल मी गुण कापले आहेत.

पान उघडले, पण प्रत्येक पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती. पोटात गोळा आला, कारण त्या सूचीतील नोंदी बाईंनी हस्तलिखित वह्यांतून वाचून दिल्या होत्या. मग पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस पाहण्याच्या साधनात तक्ता उघडून पाहिला, तर तेथे मराठी स्वच्छ दिसत होते, म्हणजे डेटा सुखरूप होता आणि बिघाड वाटेत होत होता. माझ्या पानाने डेटाबेसशी बोलताना कोणता अक्षरसंच वापरायचा हे सांगितलेच नव्हते. घरचा सर्व्हर न सांगता यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिपी सामावणारा संच) धरून चालत होता, येथील सर्व्हर लॅटिन-१ धरीत होता, आणि त्या संचात देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होत होते. जोडणीनंतर लगेच यूटीएफ८एमबी४ हा यूटीएफ-८ चाच पूर्ण संच ठरवणारी एक ओळ लिहिली आणि सूची परत आली. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे दिसली असती, तर मात्र वह्यांकडे परतावे लागले असते.

‘अमर्याद जागा’ या शब्दांवर विसंबू नये. जागेला मर्यादा नसली तरी फाइलींच्या संख्येला आहे, आणि ती अटींच्या पानावर खाली लिहिलेली आहे; वर्डप्रेस प्रत्येक छायाचित्राच्या अनेक आकारांच्या प्रती करते, त्यामुळे पुस्तकांच्या जुन्या मुखपृष्ठांचे स्कॅन चढवण्याआधी मला ती मोजावी लागली. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारे एसएसएल प्रमाणपत्र मोफत मिळाले आणि आपोआप नूतनही होते. पाचपैकी साडेतीन तारे. नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षापेक्षा बराच अधिक असल्याने पुढच्या पाडव्याआधी कार्यकारिणीसमोर तो विषय ठेवावा लागेल, आणि तोवर दर रविवारी डेटाबेसची एक प्रत मी घरी उतरवून घेत आहे.