सकाळी उठल्याउठल्या काळजीने पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी : प्रे ॲज यू गो ॲप

सकाळची प्रार्थना ऐकवणारी ॲप्स आता बरीच झालीत, पण डोळे उघडल्याबरोबर ज्यांच्या छातीत धडधड सुरू होते त्यांनी पहिल्यांदा प्रे ॲज यू गो वापरून बघावं असं मी अगदी मनापासून सांगेन. कारण हे ॲप तुम्हाला "घाबरू नका, सगळं ठीक होईल" असं सांगत बसत नाही. ते एक प्रश्न विचारतं आणि गप्प होतं, आणि त्या शांततेत आपण जे काय बोलतो ना प्रभूशी, तीच खरी प्रार्थना.

ब्रिटनमधल्या जेझुइट (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांनी हे २००६ साली लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला चालू केलं, तेव्हा एमपीथ्री प्लेअरचा जमाना होता आणि कामावर जाता-येता लोकांना ऐकता यावं हा उद्देश, नावातच आहे ते. पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत. सोमवार ते शुक्रवार रोज एक आणि शनिवार-रविवार मिळून एक, असं साधारण दहा ते तेरा मिनिटांचं ऑडिओ असतं. आधी घंटा वाजते, मग थोडं संगीत (कधी लॅटिन चँट, कधी फ्रान्समधल्या तेझे मठाचं, कधी अगदी आजचं), मग त्या दिवसाचा शास्त्रपाठ, मग दोन-तीन प्रश्न मध्ये जागा सोडून, मग तोच पाठ परत एकदा, आणि शेवटी पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव. बस एवढंच. प्रवचन नाही. मला तर हे प्रवचन नसणंच सगळ्यात जास्त आवडलं, कारण चिंतेने डोकं भरलेलं असताना अजून कोणीतरी आपल्याला समजावतंय हे नको असतं.

आता तो पाठ दोनदा वाचतात त्याबद्दल जरा सांगते, कारण माझ्यासाठी सगळं त्यातच आहे. पहिल्या वेळी माझं अर्धं लक्ष नसतंच, डोक्यात ऑफिस, घराचा हप्ता, आईचे रिपोर्ट असं सगळं चालू असतं. मग प्रश्न येतात आणि दुसऱ्यांदा तेच शब्द ऐकताना एखादी गोष्ट एकदम दिसते. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं, चौथ्या अध्यायातलं वादळ घ्या, लहानपणापासून संडेस्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट. पण तू त्या नावेत कुठे बसली आहेस, काय ऐकू येतंय, झोपलेल्या येशूला उठवताना तू काय म्हणशील असं कोणी हळू आवाजात विचारलं की गोष्ट वेगळीच होते. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे, ही उशी मी कित्येक वर्षं वाचून सोडून दिली होती! आणि शिष्य त्याला काय छान प्रार्थना करून उठवत नाहीत, तुला आमची काही पर्वा नाही का असं सरळ ओरडतात. तसंच ओरडायची परवानगी मला मिळाली. प्रसंगात स्वतःला उभं करून प्रार्थना करायची ही पद्धत जेझुइट संघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची, १६ व्या शतकातली. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्याने आपल्या मनात काय येतं-जातं, कशाने उभारी येते, कशाने मन कोरडं पडतं हे बघायला सुरुवात केली, पुढचं सगळं त्यातून आलं.

अजून एक गोष्ट, इथले पाठ चिंतेसाठी मुद्दाम निवडलेले नसतात, कॅथलिक मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) रोजच्या वाचनांमधून येतात. म्हणजे फिलिप्पै ४ किंवा १ पेत्र ५ असे चिंतेवरचे बायबलमधले अध्याय रोज मिळणार नाहीत, एखाद्या सकाळी कडक इशाऱ्याचा पाठ येतो आणि तो जड जातो. पण मला वाटतं हेच बरं आहे, चिंता चिंता म्हणत चिंतेवरचीच वचनं रोज ऐकली की लक्ष परत तिथेच जातं. ज्या दिवशी फारच वाईट असतं त्या दिवशी मी ॲप लावतच नाही, स्तोत्र ४२ मोठ्याने वाचते, त्यात तो माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की का तळमळतोस.

वेळेचं म्हणाल तर उठल्यावर लगेच, कारण जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन तसंही वाढतं, आणि नेमकं तेव्हाच आपण व्हॉट्सॲप आणि बातम्या उघडतो. मी रात्रीच डाउनलोड करून ठेवते आणि फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर प्रार्थनेच्या मध्ये नोटिफिकेशन आलं की संपलंच. ॲपमध्ये श्वासावर आणि शरीरावर लक्ष द्यायचे छोटे सराव पण आहेत, नवीन असाल तर चार-पाच दिवस आधी तेच करा, खांदे खाली आल्याशिवाय प्रश्नांकडे मन जात नाही.

लेक्टिओ ३६५ हे दुसरं प्रार्थनेचं ॲप पण फुकट आहे आणि चांगलं आहे, थांबणं, स्तुती आणि मनन, मागणं, सोपवणं अशी त्याची रचना, पण त्यात बोलणं जास्त. ज्यांना शांततेत जास्तच भीती वाटते त्यांना तेच जमेल. हॅलो (Hallow) नावाच्या ॲपमध्ये भरपूर काय काय आहे पण बरंचसं पैसे भरून, आणि सकाळी सकाळी एवढ्यातून निवडायचं काय यातच माझं मन थकतं.

प्रॉटेस्टंट घरातल्यांना संतांचे सण, मारिया वगैरे मध्येमध्ये येतील, मला अडचण झाली नाही. खरी अडचण भाषेची. ब्रिटिश उच्चार, आणि प्रश्नांनंतरची जागा इंग्रजी समजून घेण्यातच निम्मी जाते. म्हणून मी यूव्हर्जनच्या बायबल ॲपमध्ये तो पाठ आधी मराठीत वाचून घेते. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंचमध्ये अशा सेवा आहेत, मराठीत का नसावी? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचेच जेझुइट, १५७९ ला गोव्यात आले आणि ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहिलं, १६१६ मध्ये छापलं गेलं! पुणे, वसई, नगरकडे एवढे चांगले आवाज आहेत, गाणारे आहेत, कोणीतरी हे हातात घ्यायलाच पाहिजे, माझ्या आईसारख्या बायकांना किती आधार होईल.

आणि कृपा करून गोळ्या किंवा काउन्सेलिंग चालू असेल तर हे ॲप मिळालं म्हणून बंद करू नका, "विश्वास कमी पडतोय" असं कोणी म्हणालं तरीही. माझं दोन्ही चालू आहे. नेहमीचा पॅनिक अटॅक येत असेल तर तेव्हा हे लावून उपयोग नाही, त्या वेळी माणूस हवा जवळ. पाचपैकी साडेचार देते, अर्धा मराठीसाठी राखून ठेवलाय.