ऑर्बिस कॅस्केड अलायन्सची सामाईक तालिकीकरण व्यवस्था : परीक्षण

अमेरिकेच्या वायव्य भागातील ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांतील 37 शैक्षणिक ग्रंथालयांनी 2013 ते 2015 या काळात टप्प्याटप्प्याने आपापल्या स्वतंत्र संगणकप्रणाली सोडून ‘अल्मा’ ही ग्रंथालयाचे कामकाज चालवणारी एकच प्रणाली स्वीकारली. ऑर्बिस कॅस्केड अलायन्स हा त्यांचा संघ. त्यात युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनसारखे मोठे विद्यापीठ आहे, तसेच रीडसारखे लहान महाविद्यालयही आहे. प्रणाली विकत घेता येते. परंतु ग्रंथाच्या एकाच नोंदीवर इतक्या तालिकाकारांनी, म्हणजे ग्रंथांची सूची करणाऱ्यांनी, काम कसे करायचे, हे धोरणच ठरवते, आणि या व्यवस्थेचे खरे मोल मला तेथेच दिसते.

ग्रंथाचे वर्णन सर्वांसाठी एकच असते, तर प्रत कोठे आहे आणि उसनी मिळते की नाही, हा तपशील ज्या त्या ग्रंथालयाकडे राहतो. दोन नोंदी एकाच आवृत्तीच्या आहेत की नाहीत, हे मुख्यतः ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने नोंदीला दिलेल्या क्रमांकावरून ओळखले जाते; म्हणून दुरुस्ती आपल्यापुरती न करता तिच्या वर्ल्डकॅट या सामाईक सूचीतील मूळ नोंदीतच करावी, हा आग्रह मला अगदी योग्य वाटतो. एका ग्रंथालयाने घेतलेले कष्ट त्यामुळे सगळ्यांच्या उपयोगी पडतात.

खरी कसोटी स्थानिक टिपांची असते. एखाद्या प्रतीवर लेखकाची स्वाक्षरी असेल किंवा ती कोणी देणगी दिलेली असेल, तर ती माहिती त्या एका प्रतीपुरतीच खरी असते. ती सामाईक नोंदीच्या नेहमीच्या क्षेत्रात, म्हणजे रकान्यात, लिहिली, तर इतर ग्रंथालयांच्या वाचकांची दिशाभूल होते, आणि वर्ल्डकॅटमधून आलेली सुधारित नोंद जुन्या नोंदीवर चढवली की ती टीप पुसलीही जाते. अशा टिपा 590 सारख्या क्रमांकाच्या, स्थानिक माहितीसाठी राखलेल्या क्षेत्रात ठेवून त्यांवर ‘स्थानिक’ अशी खूण करण्याची शिस्त म्हणूनच फार मोलाची आहे. विशेष संग्रह सांभाळणाऱ्यांना ती सुरुवातीला जाचक वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्या टिपांचे रक्षण तिनेच होते.

ई-पुस्तकांबाबत मात्र माझे समाधान होत नाही. विक्रेत्यांकडून घाऊक येणाऱ्या नोंदी पुष्कळदा त्रोटक असतात, आणि किमान दर्जा कितीही काटेकोरपणे लिहून ठेवला, तरी हजारो नोंदी तपासायला माणसे लागतातच.

मराठी ग्रंथांच्या दृष्टीने आणखी एक अपेक्षा आहे. तेथील प्रचलित लिप्यंतर-नियमाप्रमाणे ‘नाटक’ या शब्दाच्या शेवटीही रोमन ‘a’ हे अक्षर लिहावे लागते. मराठी वाचक सहसा ते लिहीत नाही, आणि देवनागरीत शोधले तर केवळ रोमन लिपीतली नोंद हाती लागत नाही. मार्क 21 या नोंदींच्या प्रमाण मांडणीत मूळ लिपीसाठी 880 हे क्षेत्र आहेच. भारतीय भाषांतील पुस्तके बाळगणाऱ्या प्रत्येक संघाने किमान शीर्षक आणि लेखक यांच्यासाठी तरी ते अनिवार्य मानावे, आणि ज्या ग्रंथालयाकडे ती भाषा जाणणारा तालिकाकार आहे, त्याच्याकडे हे काम संघाच्या खर्चाने सोपवावे.