गेटवरच्या पाणपोईसाठी तोटीचा माठ : काय बघून घ्यावा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर मे महिन्यातल्या दुपारी पार्सलवाले, कुरियरवाले, झाडलोट करणाऱ्या मावशी घामाघूम झालेल्या दिसतात. त्यांच्यासाठी कुणी एकट्याने पाणी ठेवायचं मनावर घेतलं, तर १५ ते २० लिटरचा साधा तोटीचा माठ अजूनही पहिली पसंती. वीज लागत नाही, कमिटीत ठराव मांडावा लागत नाही. फक्त ठाण्यात त्याच्याकडून फ्रिजची अपेक्षा ठेवू नका.

झिरपलेलं पाणी बाहेरून उडून जातं, म्हणून माठ गार होतो. १५ लिटरमधलं १०० मिलिलिटर उडालं की उरलेलं पाणी साधारण ४ अंशांनी उतरू शकतं. पण दमट हवेत ते धड उडतच नाही. ३५ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी १९ अंशांच्या आसपास जाऊ शकतं. आर्द्रता ६० टक्के असेल तर २८ च्या खाली उतरायचं नाव नाही. खाडीकाठच्या हवेत हे दुसरं गणित धरा. त्यामुळे सावलीइतकाच वाराही हवा. वॉचमनच्या केबिनच्या कोपऱ्यात कोंबलेला माठ नुसता ओलाकच्च राहतो.

वारली चित्रं काढलेले देखणे माठ दिवाणखान्यात शोभतील. ऑइलपेंटने छिद्रं बुजतात, मग मातीचा उपयोग काय? काळा की लाल हा वाद मात्र फुकटचा. भट्टीत धूर कोंडला की माठ काळा होतो, एवढंच. घेताना बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर तडा आहे.

खरी गोची तोटीची. फिरवायची तोटी लोक अर्धवट बंद करून जातात आणि तासाभरात माठ रिकामा. दाबायची, स्प्रिंगची स्टीलची तोटी घ्या. आतून आणि बाहेरून रबरी वॉशर हवेत, आणि नट हातानेच आवळायचा. पाना लावला की भोकापाशी माती तडकते. घडवंची अशी निवडा की तोटीखाली निदान ३० सेंटीमीटर जागा राहील, म्हणजे लिटरची बाटली उभी मावते. साखळीने बांधलेल्या सामाईक पेल्यापेक्षा ज्याने त्याने आपली बाटली भरलेली बरी. तोटीखाली बादली ठेवाल तर ती रोज झाडांना ओता.

नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिलं पाणी फेकून द्या. साबण कधीच लावू नका, माती तो पिऊन बसते. काथ्या आणि मीठ पुरे. आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासायचा आणि कोरडा करायचा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून हा दिवस चुकवायचा नाही. झाकण घट्ट हवं. वाळ्याची जुडी घरच्या माठात ठीक, पाणपोईत ती कोण बदलणार?

सगळ्यात जास्त घोळ भरण्याच्या वेळेत होतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी ओतलं की संध्याकाळपर्यंत ते कोमटच. रात्री भरा, तेही शक्यतो तळटाकीचं. २० लिटर म्हणजे पाव लिटरचे ८० पेले. वर्दळीच्या गेटवर ते दुपारीच संपतात. एक मोठा रांजण घेण्यापेक्षा दोन माठ आलटून पालटून वापरा: एक चालू, दुसरा गार होतोय. शेजारच्या विंगमधल्या कुणी रात्रीचं भरणं अंगावर घेतलं तर सुट्टीवर जातानाही पाणपोई कोरडी पडत नाही.

पाऊस सुरू झाला की माठ जवळजवळ गार करतच नाही. तेव्हा घासून, सावलीत खडखडीत वाळवून पालथा ठेवा. ओला ठेवलात तर बुरशी धरेल. पुढच्या उन्हाळ्यात बाहेरून पाझर दिसला नाही, तर क्षारांनी छिद्रं बंद झाली असं समजा. असा माठ कुंडीसाठी द्या आणि नवा आणा.