बॉनव्हिल घ्यावी की कमांडो?

इंग्लंडात दहा-बारा वर्षं काढली, घराचे हप्ते अंगवळणी पडले, मुलं आपापली शाळेत जायला लागली, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक किडा वळवळतो: एक जुनी ब्रिटिश मोटरसायकल घ्यायची. चौकशी करत करत गाडी बहुतेकदा दोन नावांवर येऊन अडते. ट्रायम्फ बॉनव्हिल आणि नॉर्टन कमांडो. माझ्याकडे १९७० ची बॉनव्हिल टी १२० आहे. जवळच राहणाऱ्या सोलापूरच्या मित्राकडे १९७४ ची कमांडो ८५० आहे. आम्ही एकमेकांच्या गाड्या उसन्या नेतो आणि परत देताना नावं ठेवतो. त्या नावं ठेवण्यातूनच हे लिहितोय.

आधी किकचं बोलू, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. बॉनव्हिलला दोन कार्बोरेटर, दोन्ही अमल कंपनीचे. प्रत्येकावर एक छोटी दट्टी असते. थंड गाडीवर ती दाबून धरायची, पेट्रोल ओघळून बोटांवर येईपर्यंत. मग क्लच दाबून दोन रिकाम्या किका, म्हणजे रात्रभर चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग चावी, आणि एक मनापासून किक. गाडी नीट लावलेली असेल तर दुसऱ्या किकला बोलते. बोटांचा वास मात्र साबणानेही जात नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी कधीकधी मुद्दाम हात नाकाशी नेतो.

कमांडो ८५० म्हणजे प्रत्यक्षात ८२८ सीसी. तिथे अर्धवट पाय मारलात तर ती पाय परत फेकते. मित्राचं वजन ब्याऐंशी किलो, तो उभा राहून सगळा भार टाकतो. १९७५ च्या कमांडोला, म्हणजे मार्क ३ ला, बटण स्टार्ट आलं, पण ते इतकं अशक्त, की इथले लोक त्याला ‘किकचा मदतनीस’ म्हणून हसतात. गुडघे कुरकुरत असतील तर इथेच थांबून विचार करा.

चालवताना मात्र पारडं फिरतं. बॉनव्हिलचं इंजिन ६४९ सीसीचं, दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. शहरात, गावातल्या अरुंद वळणांवर तिच्यासारखी सुटसुटीत गाडी नाही. हलकी, जिकडे बघाल तिकडे वळणारी. पण ताशी साठ मैलांच्या पुढे हँडल मुंग्या आणतं. माझ्या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट असतात, त्यांच्यावरची आट्यांची टोपणं या थरथरीने सैल होतात, म्हणून चहाला थांबलो की आधी ती हाताने चाचपतो, मग चहा.

नॉर्टनने हाच रोग ओळखून १९६७ साली कमांडो दाखवली तेव्हा वेगळीच युक्ती केली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा फोर्क हे सगळं एकत्र बांधून रबरांवर टांगलं, फ्रेमपासून अलग. उभी असताना गाडी नुसती थडथडते, पुढचं चाक नाचताना दिसतं, आणि नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. वेग घेतला, इंजिन तीन हजारांच्या पुढे फिरू लागलं, की सगळं शांत. वेल्सच्या डोंगरांतल्या लांब रस्त्यांवर हे सुख काय असतं ते मी मित्राच्या गाडीवर अनुभवलं आणि परत येताना माझ्याच गाडीचा थोडा राग आला. मात्र त्या रबरांतली फट शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून योग्य राखावी लागते. ती वाढली तर वळणावर मागचं चाक स्वतःच्या मताने चालतं. मार्क ३ मध्ये ती पान्याने फिरवून जुळवता येते, तेवढं सोपं.

आमच्या दोन्ही गाड्यांचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डावीकडे. जुनी बुलेट चालवलेल्यांना यात नवल नाही. पण एक गोम आहे: कमांडोचा पहिला गिअर वर, बाकीचे खाली, अगदी जुन्या बुलेटसारखा. बॉनव्हिलचा बरोबर उलटा. आम्ही गाड्या अदलाबदल करतो त्या दिवशी पहिले पाच मैल मी तोंडाने ‘वर, खाली’ म्हणत जातो. एकदा गोलचक्करावर तरीही चुकलो, आणि मागच्या व्हॅनवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेलाबद्दल दोघींचं एकच उत्तर: गळतं. बॉनव्हिल पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांपाशी ओलावते. कमांडो बरेच दिवस उभी राहिली तर टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली इंजिनात उतरतं. न बघता किक मारली की ते नको तिथून बाहेर येतं. गॅरेजमध्ये पुठ्ठा अंथरा आणि शांत राहा.

सुटे भाग दोन्हींचे मुबलक मिळतात, कुठल्याही आधुनिक जपानी गाडीच्या वीस वर्षं जुन्या मॉडेलपेक्षाही जास्त. पान्यांचे मात्र दोन-तीन संच लागतील, कारण त्या काळात आट्यांची मापं बदलत होती आणि एकाच गाडीत जुनी-नवी दोन्ही सापडतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही, मोठे बदल केले नसतील तर एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, तीही नाही. पेट्रोल मात्र ई५, म्हणजे कमी इथेनॉलचं, घाला. ई१० मधलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि फायबरग्लासची टाकी हळूहळू विरघळवतं. काही कमांडोंना तसल्या टाक्या आहेत, घेण्याआधी टाकीवर टिचकी मारून पाहा.

बॉनव्हिल बघायला गेलात तर इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर ताडून पाहा, दोन्ही एकच हवा, आणि सुरुवात टी १२० अशी हवी. टीआर ६ नावाची तिची एक कार्बोरेटरची बहीण होती. तिला दुसरा कार्बोरेटर चढवून बॉनव्हिल म्हणून खपवलेल्या गाड्या फिरतात. मला एक अशी दाखवली होती, चकाचक क्रोम, बरोबर चहा-बिस्किटंसुद्धा.

माझा कौल असा. पहिलीच जुनी गाडी असेल, आठवड्याला तीस-चाळीस मैल फिरणार असाल, तर बॉनव्हिल, तीही १९६८ ते ७० ची, जमेल तर. १९७१ पासून तेल फ्रेमच्या नळीत गेलं आणि सुरुवातीला सीट इतकी उंच झाली, की आपल्यातल्या साडेपाच फुटी माणसाचे पाय अधांतरी राहतात. ७४४ सीसीची टी १४० ही नंतरची बॉनव्हिल तुलनेने स्वस्त पडते आणि तिला पाचवा गिअरही आहे, पण थरथर वाढलेली. दूर जायचं असेल, मागे बायको बसणार असेल, आणि फटी मोजत बसायला कंटाळा नसेल, तर कमांडो. आणि पेट्रोलचा वास, किक, पुठ्ठा यातलं काहीच नको असेल, तर २००१ नंतरची, ट्रायम्फच्या हिंकली कारखान्यातली नवी बॉनव्हिल घ्या, त्यात लाज नाही.

मित्राने हे वाचलं. म्हणाला, ‘उंचीचं वाक्य माझ्यासाठी लिहिलंयस ना?’ पुढच्या शनिवारी तो माझी गाडी नेणार आहे, किल्ली आजच घेऊन गेला.