गाणी बदलली ते ठीक, निवेदन का घटवले? : एका रेडिओ केंद्राच्या नव्या फॉरमॅटचे परीक्षण

मी नियमितपणे ऐकत असलेल्या एका संगीत-केंद्राने अलीकडे आपला फॉरमॅट बदलला आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतील गाणी ही ज्याची ओळख होती, त्या केंद्रावर आता प्रामुख्याने १९८५ ते २००५ या काळातील गाणी लागतात, मधूनमधून एखादे अगदी ताजे गाणे येते, आणि जुन्या गाण्यांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवलेली आहे. नवी घडी बसायला पुरेसा वेळ दिल्यानंतर आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी केंद्र लक्षपूर्वक ऐकल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: गाणी बदलण्याचा निर्णय योग्य होता आणि गाण्यांची निवडही बहुतांशी चांगली आहे, परंतु गाण्यांबरोबर केंद्राने निवेदनालाही कात्री लावली, आणि ते नुकसान गाण्यांच्या नुकसानापेक्षा मोठे आहे.

फॉरमॅट बदलला की जुन्या श्रोत्यांना तो आपल्याविरुद्ध घेतलेला निर्णय वाटतो, हे मी समजू शकतो. तरीही हिशेब मांडून पाहिला तर बदल टळत नाही. किशोरवयात आणि तारुण्याच्या पहिल्या काही वर्षांत कानांवर पडलेली गाणी माणसाला आयुष्यभर जवळची वाटतात, आणि बरीचशी संगीत-केंद्रे याच ओढीवर उभी असतात. १९७० मध्ये २० वर्षांचा असलेला श्रोता २००४ मध्ये ५४ वर्षांचा झाला. अमेरिकेतील रेडिओ-जाहिरातदार ज्या वयोगटाला सर्वाधिक महत्त्व देत आले तो साधारणपणे २५ ते ५४ वर्षांचा. म्हणजे तीच गाणी धरून बसलेले केंद्र आपल्या श्रोत्यांबरोबर त्या गटाबाहेर सरकत जाते आणि ऐकणारे भरपूर असूनही त्याचे उत्पन्न आटू लागते. या हिशेबात वयस्क श्रोत्याला कमी लेखले जाते, हे मला मुळीच पटत नाही, पण जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्राला त्याकडे डोळेझाकही करता येत नाही.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या केंद्राचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९७२ पासून जुनी गाणी वाजवणाऱ्या या केंद्राने ३ जून २००५ रोजी अचानक ‘जॅक’ नावाचा फॉरमॅट स्वीकारला. अनेक दशकांतील गाण्यांची मोठी सरमिसळ आणि निवेदक जवळजवळ नाहीतच, असे त्याचे स्वरूप होते. श्रोते दुरावले आणि १२ जुलै २००७ रोजी केंद्राला मागे फिरावे लागले. ही घटना ‘शेवटी जुनी गाणीच जिंकली’ अशा थाटात सांगितली जाते, पण परत आलेले केंद्र पूर्वीचे नव्हते. १९५० च्या दशकातील आणि १९६० च्या सुरुवातीची गाणी यादीतून जवळपास बाहेर पडली होती आणि १९७० व १९८० च्या दशकांतील गाण्यांचा वाटा वाढला होता. पूर्ववत झाले होते ते निवेदन, आणि त्यात श्रोत्यांच्या ओळखीचे काही आवाजही होते. गाण्यांचा काळ पुढे सरकला तरी श्रोता राहू शकतो, त्याच्याशी बोलणारे माणूस मात्र काढून घेऊ नये, असा अर्थ मी त्यातून काढतो. आमच्या केंद्राने या घटनेच्या पहिल्या भागातील चूक अर्धीअधिक पुन्हा केली आहे.

आधी चांगल्या बाजूविषयी. नवी यादी करताना केंद्राने केवळ साल पाहिलेले नाही, ही फार समाधानाची गोष्ट आहे. १९७० च्या दशकातील ज्या गाण्यांचा ठेका आणि वाद्यमेळ पुढच्या काळातील गाण्यांशी जुळतो, ती यादीत टिकवली आहेत. उलट १९९० नंतरची, पण या मेळात विजोड वाटणारी काही गाजलेली गाणी वगळली आहेत. श्रोत्याचे वय आणि त्याची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यादी करणाऱ्याला नक्कीच कळते. संध्याकाळचे तास तर विशेष चांगले जमले आहेत. सिंथेसायझरवर आधारलेल्या गाण्यानंतर एकदम दणदणीत गिटारचे गाणे न लावता मध्ये एक असे गाणे ठेवलेले असते की ज्याची सुरुवात आधीच्या गाण्यासारखी आणि शेवट पुढच्या गाण्यासारखा असतो. अशा वेळी वीस वर्षांचे अंतर असलेली दोन गाणी सहज शेजारी बसतात, आणि पूर्वी न ऐकलेले गाणेही परके वाटत नाही.

दुपारचे तास असे नाहीत, आणि फरक कशामुळे पडत असावा याचा अंदाज करता येतो. जगभरातील केंद्रांवर गाण्यांचा क्रम आता प्रामुख्याने सॉफ्टवेअर लावते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रेडिओ कम्प्युटिंग सर्व्हिसेस या कंपनीचे ‘सिलेक्टर’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव. प्रत्येक गाण्याची लय, भाव, गायक, काळ, सुरुवातीच्या संगीताची लांबी अशी माहिती त्यात भरलेली असते आणि ‘हाच गायक इतक्या वेळात पुन्हा नको’, ‘दोन संथ गाणी लागोपाठ नकोत’ असे नियम घातलेले असतात. यंत्राने लावलेल्या क्रमावर संगीत-संयोजकाने नंतर हात फिरवायचा असतो. संध्याकाळी तो फिरलेला जाणवतो. दुपारी मात्र एका गायिकेचे एकल गाणे संपताच तिचेच युगलगीत सुरू झालेले मी ऐकले आहे. युगलगीताची नोंद बहुधा सहगायकाच्या नावावर असेल, त्यामुळे नियम पाळला गेला आणि ऐकणाऱ्याचा मात्र विरस झाला.

पुनरावृत्तीबद्दल माझी तक्रार थोडी गुंतागुंतीची आहे. मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हापुन्हा वाजवणे हा फॉरमॅट-रेडिओचा पायाच आहे. अमेरिकेतील ओमाहा शहराचे केओडब्ल्यूएच हे केंद्र स्टॉर्झ कुटुंबाने १९४९ मध्ये विकत घेतले आणि टॉड स्टॉर्झ यांनी १९५० च्या दशकात तेथे ही पद्धत रुजवली; लोक ज्यूकबॉक्समध्ये पैसे टाकून तीच तीच गाणी ऐकतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यामुळे आवडते गाणे दिवसातून दोनदा लागले तर मला काही म्हणायचे नाही. पण या केंद्रावर काल सकाळी ज्या सुमारास एक गाणे लागले, त्याच सुमारास ते आज आणि परवाही लागते. ज्यांचा दिनक्रम ठरलेला आहे, म्हणजे जे रेडिओचे सर्वांत निष्ठावान श्रोते असतात, त्यांना यादी आहे त्यापेक्षा कितीतरी लहान वाटू लागते. गाणे दर दिवशी वेगळ्या प्रहरात सरकत राहील अशी तजवीज करणे अवघड नाही, आणि ती का केलेली नाही हे समजत नाही.

गाणी निवडण्याची चाचणीही याला कारणीभूत असणार. निवडक श्रोत्यांना प्रत्येक गाण्याचा सर्वांत ओळखीचा, काही सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि ‘माहीत आहे का’, ‘आवडते का’, ‘कंटाळा आला आहे का’ हे विचारायचे, अशी ही रूढ पद्धत आहे. एका बैठकीत अशी शेकडो गाणी तपासली जातात. कंटाळा मोजायला ती उपयोगी आहे, परंतु ओळखीचे गाणे तिच्यात नेहमीच वर राहते आणि न ऐकलेले गाणे कितीही सुंदर असले तरी खाली जाते, कारण चार-पाच सेकंदांत कोणाचीही ओळख होत नाही. नव्या श्रोत्यांना जुन्या गाण्यांची आणि जुन्या श्रोत्यांना नव्या गाण्यांची गोडी लावायची असेल, तर ते काम चाचणीकडून होणार नाही. ते निवेदकाचे काम आहे.

आणि नेमके तेच काम या केंद्राने काढून घेतले. पूर्वी प्रत्येक दोन गाण्यांनंतर गायक, संगीतकार, वर्ष यांचा उल्लेख होत असे, आणि तासातून एकदा तरी गाण्याविषयी चार वाक्ये ऐकायला मिळत. आताचा तास असा असतो: केंद्राच्या नावाची जिंगल, लागोपाठ तीन गाणी, त्यांच्यामध्ये ध्वनिमुद्रित आवाजात केंद्राचे घोषवाक्य, मग निवेदिकेचे काही सेकंदांचे बोलणे, त्यातही बहुतेक वेळ एखाद्या स्पर्धेची घोषणा, आणि त्यानंतर जाहिराती. मी एका संध्याकाळी संपूर्ण तास कान देऊन ऐकला. त्यात एक अतिशय देखणे गाणे लागले, ज्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्ये थांबतात आणि फक्त बासरी व आवाज उरतो. ते कोणी गायले आणि कोणी बसवले, हे आधीही सांगितले गेले नाही आणि नंतरही नाही. ते गाणे माझ्यासाठी नवे होते, म्हणजे फॉरमॅट बदलण्यामागचा उद्देश त्या क्षणी सफल झाला होता. पण नाव न कळल्याने ते पुन्हा शोधून ऐकण्याची वाट तेथेच बंद झाली. केंद्राच्या अॅपवर चालू गाण्याचे नाव दिसते, असे यावर सांगितले जाईल. परंतु गाडी चालवणारा, हातात काम असलेला किंवा दृष्टी नसलेला श्रोता पडद्याकडे पाहू शकत नाही, आणि रेडिओ ज्यांच्यासाठी अनमोल आहे ते प्रामुख्याने हेच लोक आहेत.

बोलणे कमी करण्यामागचे व्यावसायिक कारण मला माहीत आहे. श्रोतृसंख्या मोजण्याच्या अमेरिकी पद्धतीत तासाचे चार भाग पाडले जातात आणि एखाद्या भागात पाच मिनिटे ऐकले की तो संपूर्ण भाग केंद्राच्या खात्यात जमा होतो, असा नियम तेथे दीर्घकाळ होता. म्हणूनच जाहिराती पंधरा मिनिटांच्या सीमारेषेवर येऊ न देता भागाच्या मध्यावर ठेवण्याची रीत पडली. श्रोत्याने अंगावर बाळगायचे, कोणते केंद्र ऐकू येते आहे ते आपोआप नोंदवणारे मापक २००७ पासून अमेरिकी शहरांत रुजू लागले, तेव्हा लांबलेल्या बोलण्यावर लोक केंद्र बदलतात असा निष्कर्ष व्यवस्थापकांनी काढला आणि निवेदन आखडत गेले. कंटाळवाण्या बोलण्यावर श्रोता निघून जातो, हे मलाही मान्य आहे. पण गाण्याचे नाव सांगायला आठ-दहा सेकंद पुरतात, आणि त्या सेकंदांची तुलना स्पर्धेच्या रटाळ घोषणेशी करून दोन्हींना एकच शिक्षा देणे चुकीचे आहे.

निवेदनाने काय साधते याचे उत्तम उदाहरण आकाशवाणीच्या इतिहासातच आहे. १९५२ नंतर, बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीवरील चित्रपटसंगीत जवळपास बंद झाले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला आपले धोरण श्रोत्यांच्या आवडीशी जुळवून घ्यावे लागले. सिलोनकडे लोकांना गाण्यांनी खेचले हे खरेच, पण तेथे त्यांना बांधून ठेवण्यात अमीन सयानी यांच्या आवाजाचा वाटा केवढा मोठा होता, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. गाणे तेच, पण त्याच्या आधी कोण काय बोलले यावर ते कसे ऐकले जाईल हे ठरत असे.

जुन्या श्रोत्यांना केंद्राने दिलेली रविवारची सकाळ हा या साऱ्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. तेथील ज्येष्ठ निवेदकांना त्यांच्या पद्धतीने बोलू दिले जाते; गाण्यातल्या मेंडोलिनच्या छोट्याशा तुकड्याकडे ते लक्ष वेधतात आणि मग तो तुकडा येईपर्यंत आपण कान टवकारून बसतो. हा कार्यक्रम तरुण श्रोत्यांनाही आवडतो, हे फर्माईश करणाऱ्यांच्या आवाजांवरून लगेच कळते. बदलामुळे दूर गेलेल्यांना मात्र आठवड्यातील एक सकाळ पुरेशी नाही. बीबीसीच्या रेडिओ १ ने १९९३ पासून मॅथ्यू बॅनिस्टर यांच्या काळात तरुणांकडे मोहरा वळवला तेव्हा लाखो श्रोते गमावले, परंतु बीबीसीकडे रेडिओ २ होते, आणि १९९६ नंतर जिम मोयर यांनी त्याला नवे रूप देऊन मध्यमवयीन श्रोत्यांना तेथे सामावून घेतले. एकच वाहिनी असलेल्या केंद्राकडे असे दुसरे घर नसते, म्हणून त्याने एकाच घरात अधिक खोल्या काढल्या पाहिजेत. इंटरनेटवर जुन्या गाण्यांचा स्वतंत्र प्रवाह चालू करणे हा एक मार्ग आहे. रोज रात्रीचा एक तास रविवारच्या निवेदकांकडे सोपवणे हा दुसरा, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येणार नाही.

जिंगल नव्या आहेत आणि चांगल्या आहेत. प्रसारणाचा दर्जा स्वच्छ आहे, मात्र जाहिरातींचा आवाज गाण्यांपेक्षा चढा ठेवला जातो आणि रात्री तो फार जाणवतो. फर्माईशीचा कार्यक्रम अर्ध्यावर आणला आहे आणि उरलेल्या वेळातही फर्माईश त्याच मोजक्या यादीतून करावी लागते, त्यामुळे त्याला फर्माईश म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे.

१९९० च्या आसपासची गाणी ज्यांच्या जिव्हाळ्याची आहेत, त्यांनी हे केंद्र संध्याकाळी अवश्य ऐकावे. निवड आणि क्रम या दोन्हींत त्यांना आनंद मिळेल. १९६० च्या दशकातील संगीतावर प्रेम असणाऱ्यांनी तूर्त रविवारची सकाळ धरून ठेवावी. केंद्राला माझी विनंती दोन गोष्टींपुरतीच आहे: प्रत्येक गाण्यानंतर, निदान यादीत नव्याने आलेल्या गाण्यांनंतर, गायक आणि संगीतकाराचे नाव आवाजात सांगितले जावे, आणि दुपारच्या क्रमावर प्रसारणापूर्वी संगीत-संयोजकाने एकदा नजर टाकावी. या दोन्ही सूचना मी केंद्राकडे लेखी पाठवल्या आहेत, आणि ज्या श्रोत्यांना त्या पटतील त्यांनीही आपल्या शब्दांत केंद्राला कळवावे.